आत्ता नको, चार महिन्यांनी करू

"डोकं उचला. हात टेकायचे नाहीत, नुसतं डोकं."

तपासणीच्या टेबलावर मी उताणी पडले होते. डोकं उचललं तसा पोटाच्या मधोमध, जुन्या व्रणाच्या रेषेवर, दोन मुठींएवढा उंचवटा वर आला. डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही बाजूंना बोटं रुतवली आणि अंधारात पायरीची कड चाचपत जावं तशी ती कड वरपासून खालपर्यंत चाचपत नेली. मग कुशीवर वळवलं, उभं राहून खोकायला लावलं, पुन्हा झोपवलं. पेनाने पोटावर एक लांबट वर्तुळ काढलं. पाचेक मिनिटं ते एक शब्द बोलले नाहीत. माझी धाकटी बहीण कोपऱ्यात वही उघडून बसली होती, तिचंही पेन थांबलेलं.

"आधीच्या ऑपरेशनची नोट आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. ते त्यांनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. "हे नाही. थिएटरमध्ये सर्जन जे लिहितात ते. जाळी कुठल्या थरात बसवली, केवढी होती, कशाने शिवली. ते बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

पोटाची भिंत हाच ज्यांचा रोजचा विषय आहे, अशा सर्जनकडे मी पहिल्यांदाच आले होते. तोवर माझं हर्नियाचं, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या खिंडारातून आतडी बाहेर येतात त्याचं, आधाराला कृत्रिम जाळी बसवून केलेलं एक ऑपरेशन फसलेलं होतं.

सुरुवात खरं तर हर्नियाने झाली नव्हती. आतड्याला भोक पडून पोटात पू झाला आणि मध्यरात्री पोट उघडावं लागलं. बेंबीच्या बऱ्याच वरपासून ओटीपोटापर्यंत सरळ चीर. त्या रात्री ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनी माझा जीव वाचवला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. पण पोट असं मधोमध उघडलेल्या शंभरातल्या दहा ते वीस जणांना पुढे व्रणाच्या जागी हर्निया होतो. जखमेत जंतुसंसर्ग झाला असेल, वजन जास्त असेल, मधुमेह असेल, तर शक्यता वाढते. माझ्या बाबतीत तिन्ही गोष्टी होत्या. वर्ष व्हायच्या आत एक दिवस कपाटावरची बॅग काढायला हात वर केला आणि व्रणाशेजारी आतून काहीतरी सरकलं. दुखलं नाही. बोट लावलं तर तिथे मऊ लागलं, एवढंच.

पोट बंद करणं हीसुद्धा एक वेगळी विद्या आहे, हे मला फार उशिरा कळलं. हॉलंडमधल्या डॉक्टरांनी याची चाचणी घेतली होती, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. नेहमीसारखे एकेक सेंटिमीटरवर मोठे टाके घातले, तर वर्षभरात २१ टक्के रुग्णांना हर्निया झाला. पाच-पाच मिलिमीटरवर बारीक टाके घातले, तेव्हा १३ टक्क्यांना. दोरा आणि टाका एवढाच फरक. अर्थात ती चाचणी ठरवून केलेल्या ऑपरेशनांची होती. माझ्यासारखं पू भरलेलं पोट रात्री दोन वाजता शिवायचं म्हणजे गोष्टच निराळी, आणि त्या रात्रीचा हिशेब मी कुणाकडे मागत नाही.

हिशेब मागावासा वाटतो तो त्यानंतरच्या ऑपरेशनचा. हर्निया म्हणजे छोटं ऑपरेशन, असं सगळेच म्हणत होते, मीही म्हणत होते. ओळखीतून एका सर्जनकडे गेले. अनुभवी होते, पित्ताशय, थायरॉइड, अपेंडिक्स, सगळ्यात हात चालणारे. दोन मिनिटं तपासलं आणि म्हणाले, "जाळी टाकून देऊ. चार दिवसांत घरी." आठवड्याची तारीख मिळाली. साखर जास्त आहे म्हटल्यावर, "त्या दिवशी इन्सुलिनवर सांभाळू" असं उत्तर आलं. तीन महिन्यांची सरासरी कुणी विचारली नाही. सीटी स्कॅन झाला नाही. वजनाचा विषय निघाला तो फक्त भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून, तोही आदल्या रात्री.

ऑपरेशन व्यवस्थित झालं असंच सगळ्यांना वाटलं. टाके निघाले, तरी जखमेच्या एका टोकातून तीन आठवडे पाणी येत राहिलं. चौदा महिन्यांनी वर्गात फळ्याकडे वळताना शिंक आली आणि हात आपोआप पोटावर गेला. तेव्हाच कळलं. उंचवटा परत आला होता, आणि आधीपेक्षा मोठा.

त्या वेळी मला फार राग आला होता. आता राग राहिलेला नाही, पण जे घडलं ते मी लिहिणार आहे, कारण माझ्यासारख्या अनेकांना तशाच दोन मिनिटांच्या तपासणीनंतर तारीख मिळत असते आणि त्यांना त्यात काही चुकतंय असं वाटतही नाही.

ऑपरेशनची नोट मिळवायला मला त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात तीन खेपा घालाव्या लागल्या. मिळाली ती सहा ओळींची. हर्नियाची पिशवी उघडली, आतडी आत ढकलली, मेश बसवली, रक्तस्राव नाही, बंद केलं. जाळीचा आकार नाही, थर नाही, प्रकार नाही, ती कशाने पकडली तेही नाही. विशेषज्ञांनी ती दोनदा वाचली. "यावरून काहीच कळत नाही. सीटीवर बघू."

सीटीचं पडद्यावरचं चित्र त्यांनी आम्हा दोघींना शेजारी बसवून दाखवलं. पोटाचे आडवे काप एकामागून एक सरकत होते. पोटाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जे दोन सरळ, उभे स्नायू असतात, ते निरोगी पोटात एकमेकांना खेटून असतात. माझे दोन्ही कडेला पळालेले होते. मध्ये नुसती त्वचा, तिच्याखाली आतडी, आणि त्या दोहोंमध्ये एक पातळ सुरकुतलेली रेघ.

"ही तुमची जाळी," डॉक्टर म्हणाले. "भोकावर ठिगळ लावतात तशी लावली आहे. स्नायू मध्ये आणून जोडलेच नव्हते. डावीकडची कड सुटली आहे."

मग त्यांनी पडद्यावर रेघा ओढून मापं घेतली. खिंडाराची रुंदी ११ सेंटिमीटर. उजवा स्नायू सहा, डावाही सहा. बहिणीने आकडे वहीत उतरवले आणि विचारलं, "यावरून काय समजायचं?" त्यांनी हिशेब सांगितला. दोन्ही स्नायूंची रुंदी मिळून खिंडाराच्या दुपटीहून जास्त असेल, तर नेहमीच्या पद्धतीने स्नायू मध्यावर आणता येतात. माझं प्रमाण जेमतेम एकास एक होतं. म्हणजे स्नायू नुसते ओढून जुळणार नव्हते, पोटाच्या भिंतीचे थर सोडवून जागा करावी लागणार होती. युरोपियन हर्निया सोसायटीने २००९ साली जी वर्गवारी केली, तिच्यात दहा सेंटिमीटर आणि त्याहून रुंद हर्निया सगळ्यात वरच्या गटात येतो. मी त्या गटात होते. ज्याला आम्ही इतके दिवस 'छोटं ऑपरेशन' म्हणत होतो ते हे.

मला वाटलं, आता तारीख मिळेल.

"आत्ता नको," ते म्हणाले. "चार महिन्यांनी करू."

माझी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (HbA1c ही तपासणी) ९.२ टक्के होती, ती आठच्या खाली आणायची. वजन निदान आठ-दहा किलो उतरवायचं. श्वासाचे व्यायाम करायचे. खाण्यात प्रथिनं वाढवायची, कारण जखम त्यावरच भरते. मी कधी तंबाखूला हात लावलेला नाही, पण बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या गृहस्थांना त्यांनी तेवढ्यावरूनच परत पाठवलं होतं: आधी सिगारेट पूर्ण बंद, निदान चार आठवडे, मग पुढचं बोलू.

मला रडू फुटलं. दीड वर्ष मी पट्टा बांधून वर्गात उभी राहत होते. खाली वाकायची भीती, खोकल्याची भीती, लोकांच्या नजरेची भीती. आणि इथे हा माणूस अजून चार महिने थांब म्हणतो आहे. मी रागातच बोलले, "आधीच्यांनी आठवड्यात केलं होतं."

ते चिडले नाहीत. "मीही उद्या करू शकतो. पण मग दोन वर्षांनी तुम्ही तिसऱ्यांदा कुणाकडे तरी जाल, आणि तेव्हाचं ऑपरेशन याच्याहून अवघड असेल."

हे घाबरवायला म्हटलेलं नव्हतं. घरी आल्यावर मी वाचायला लागले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९८७ ते १९९९ या काळात व्रणाच्या हर्नियाची ऑपरेशनं झालेल्या दहा हजारांहून जास्त लोकांचा पुढे काय झालं याचा मागोवा घेतला गेला होता. पहिल्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांत सुमारे १२ टक्के लोकांचं पुन्हा ऑपरेशन झालं. त्या दुसऱ्यानंतर सुमारे २४ टक्क्यांचं. तिसऱ्यानंतर ३५, चौथ्यानंतर ३९. दर खेपेला आधीची जाळी, आधीचे व्रण, चिकटलेली आतडी आणि आणखी थोडी कमी झालेली निरोगी भिंत घेऊन माणूस टेबलावर येतो. हे आकडे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. पहिलीच दुरुस्ती नीट व्हायला हवी होती, हे त्यातून इतकं उघड दिसत होतं. ती वेळ तर गेलेली होती.

पुढच्या भेटीत बहिणीने वहीतून प्रश्न काढले. मला ते विचारायचा संकोच वाटत होता, तिला नव्हता. "डॉक्टर, अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? त्यातली किती परत आली?"

त्यांनी सरळ उत्तर दिलं आणि संगणकावरची यादी उघडून दाखवली. नावं झाकलेली, पण प्रत्येकाची ऑपरेशनची तारीख, खिंडाराचं माप, जाळीचा थर, जखमेचा त्रास झाला का, सहा महिन्यांनी काय, वर्षाने काय, तीन वर्षांनी काय. काही रकान्यांत 'परत आला' असं लिहिलेलं होतं. काहींत 'संपर्क नाही'. तो 'संपर्क नाही' बघून माझा विश्वास वाढला. ज्याने न सापडलेल्या रुग्णाचीही नोंद ठेवली आहे, तो सापडलेल्यांबद्दल खरं सांगत असणार. माझ्या आधीच्या सर्जनना माझा हर्निया परत आला हे माहीतसुद्धा नाही. मी त्यांच्याकडे परत गेलेच नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांच्या लेखी मी बरी झालेली रुग्ण आहे. अशा न परतलेल्या माणसांची संख्या कळल्याशिवाय कुठल्याही सर्जनला स्वतःचा हात कसा आहे हे कसं कळणार?

किती ऑपरेशनं केली की हात बसतो, याबद्दल मी चार महिन्यांत बरंच वाचलं, आणि चित्र वाटलं तेवढं सरळ निघालं नाही. सगळ्यात जास्त अभ्यास जांघेच्या हर्नियावर झालेला आहे. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदणीत असं दिसलं की वर्षाला एक ते पाचच ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांना पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त येते. पण पाचाच्या वर गेलं की आकड्याने फारसा फरक पडत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधली २००४ सालची एक मोठी चाचणी आहे. तिथे दुर्बिणीतून जांघेचा हर्निया दुरुस्त केलेल्यांत दोन वर्षांत दहा टक्क्यांचा परत आला, उघड्या पद्धतीत पाच टक्क्यांहून थोड्या कमी. पण ज्या सर्जननी २५० हून जास्त दुर्बिणीची ऑपरेशनं केली होती, त्यांच्याकडे दोन्ही पद्धती जवळपास सारख्या ठरल्या. म्हणजे ज्या कामात कसब जास्त लागतं, तिथे सरावाचा आकडाही मोठा लागतो. जांघेच्या उघड्या ऑपरेशनला जो सराव पुरतो, तो अकरा सेंटिमीटरच्या खिंडाराला पुरत नाही, एवढं मला त्यातून कळलं.

कॅनडातलं शोल्डाइस हॉस्पिटल मला या वाचनात भेटलं. १९४५ साली सुरू झालेलं आणि फक्त हर्नियाच करणारं. ऑन्टारियो प्रांतातल्या १९९३ ते २००७ या काळातल्या दोन लाखांहून जास्त जांघेच्या हर्नियांची तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण रुग्णालयांत, कमी ऑपरेशनं होत असोत की भरपूर, हर्निया परत येण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपासच होतं: सगळ्यात कमी कामाच्या ठिकाणी ५.२१, सगळ्यात जास्त कामाच्या ठिकाणी ४.७९. शोल्डाइसमध्ये १.१५.

हे वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. नुसत्या संख्येने अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही, आणि एका विषयाला वाहिलेल्या जागी चौपटीहून जास्त फरक पडतो. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्तही आहे: तिथे रुग्ण निवडून घेतात, वजन जास्त असेल तर आधी कमी करून या म्हणतात, मग आकडे चांगले येणारच. मलाही आधी तसंच वाटलं. पण मी स्वतः तेव्हा वजनकाट्यावर उभी होते, डॉक्टरांनी 'आत्ता नको' म्हटलेली. मला परत पाठवलं होतं, पण हाकलून दिलं नव्हतं. काय करून यायचं हे सांगून पाठवलं होतं, आणि मधल्या काळात दर तीन आठवड्यांनी त्यांच्याकडच्या आहारतज्ज्ञ फोन करत होत्या. रुग्णाला ऑपरेशनाजोगं करणं आणि तोवर थांबण्याची हिंमत ठेवणं, हा त्या विषयातल्या कौशल्याचाच भाग आहे असं आता माझं ठाम मत झालं आहे. सर्वसाधारण सर्जनच्या आठवड्याच्या यादीत दोन पित्ताशयं, एक मूळव्याध आणि एक हर्निया असा क्रम लागतो. तिथे हर्नियासाठी चार महिने थांबा असं म्हणायला कुणाला सुचणार?

ते चार महिने सोपे नव्हते. पट्टा बांधून चालायचं, आधी वीस मिनिटं, मग पन्नास. छातीच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र. नळीतून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर धरून ठेवायचे. पहिल्या दिवशी एकच चेंडू उचलला गेला. वजन आधी भराभर उतरलं, मग पाच आठवडे काटा हलला नाही, आणि त्या पाच आठवड्यांत मी दोनदा दुसरा सर्जन शोधायचं ठरवलं. बहिणीने अडवलं. "ताई, ज्यांनी घाई केली त्यांच्याकडे आपण जाऊन आलोय," एवढंच ती म्हणाली. चौथ्या महिन्याच्या शेवटी साखर ७.३ आणि वजन नऊ किलोने कमी.

ऑपरेशनच्या चार आठवडे आधी पोटाच्या कडेच्या स्नायूंमध्ये बोटॉक्सची इंजेक्शनं दिली. सोनोग्राफीवर बघत, दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिकाणी. चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठी वापरतात तेच औषध. त्याने कडेचे ताठ स्नायू काही महिने सैल पडतात, लांबतात, आणि मधले दोन स्नायू एकमेकांकडे आणताना त्यांची उलटी ओढ कमी होते. दोन आठवड्यांनी खोकला आला तेव्हा पोटात जोरच नव्हता, ते विचित्र वाटलं. पुन्हा सीटी झाला. खिंडार ११ वरून साडेनऊवर आलं होतं. टाका न घालता दीड सेंटिमीटर. बहिणीने वहीत तो आकडा दोनदा अधोरेखित केला.

आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून काय करणार ते सांगितलं. जुनी सुटलेली जाळी काढायची. मधल्या स्नायूंच्या मागचा पडदा सोडवायचा, तिथून पुढे सगळ्यात आतला आडवा स्नायू सोडवत कंबरेच्या दिशेने जायचं, की भिंतीचे थर सैल होऊन मध्ये येतात. अमेरिकेतले सर्जन युरी नोवित्स्की यांनी २०१२ साली मांडलेली ही पद्धत आता जगभर वापरतात. मग मोठी जाळी स्नायूंच्या मागे पसरायची आणि स्नायू तिच्यासमोर मध्यावर शिवायचे. त्या थरात जाळी असली की पोटाचा आतला दाब तिला ढकलून बाहेर काढत नाही, उलट भिंतीवर दाबून धरतो. आणि ती आतड्यांनाही लागत नाही, त्वचेलाही नाही.

"यात धोका कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी पेनाचं टोक चित्रावरच्या एका रेषेवर ठेवलं. मधला स्नायू जिथे संपतो आणि कडेचे सुरू होतात ती वळणदार रेषा. तिच्या अलीकडे बारीक शिरा, म्हणजे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या, येऊन मधल्या स्नायूत शिरतात. "कापायचं ते या शिरांच्या आतल्या बाजूला. चुकून या रेषेवर कापलं, तर मधला हर्निया बुजतो आणि कडेला नवा तयार होतो. तो दुरुस्त करणं फार कठीण. शिरा तुटल्या तर स्नायू आहे तिथेच सुकत जातो." मग थोडं थांबून म्हणाले, "दुसरीकडे असं झालेले रुग्ण माझ्याकडे येतात. ऑपरेशनचं नाव तेच असतं."

ते शेवटचं वाक्य मी विसरू शकत नाही. पद्धत पुस्तकात असते, व्हिडिओत असते. ती अर्ध्या सेंटिमीटरची जागा बोटांना माहीत असावी लागते.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. मला आठवतो तो भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हात कपाळावर आणि नंतर एकदम खोकला. खोकला आला आणि पोट एकसंध आवळल्यासारखं लागलं. दुखत होतं, भयंकर दुखत होतं, पण मध्ये भोक नव्हतं. शुद्धीवर येतानाही तो फरक कळला. दोन्ही बाजूंना साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उशी पोटाशी घट्ट धरून उभी राहिले, संध्याकाळी चार पावलं. सातव्या दिवशी घरी.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. ड्रेन काढल्यावर त्वचेखाली पाणी साचलं, डावीकडे फुगवटा आला आणि माझं काळीज हललं: परत झालं! डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून सोनोग्राफी केली. स्नायू जोडलेलेच होते, पाणी त्यांच्या वर होतं. सुई घालून उपसायची घाई केली नाही, कारण त्यातून जंतू आत जाऊ शकतात. पट्टा बांधून सहा आठवड्यांत ते आपोआप जिरलं. बेंबीखालचा तळव्याएवढा भाग आजही बधिर आहे. पाठीत पहिले दोन महिने विचित्र ओढ होती. विशेषज्ञाकडे गेलं म्हणजे त्रास होतच नाही, असं कुणी समजू नये. फरक एवढाच की प्रत्येक त्रासाचं नाव मला आधीच सांगितलेलं होतं, आणि तो झाला तेव्हा त्यांना तो नवा नव्हता.

डिस्चार्जच्या फाइलमध्ये ऑपरेशनची नोट न मागता मिळाली. अडीच पानं. खिंडाराची लांबी-रुंदी, जुनी जाळी कुठे चिकटली होती, कुठला थर कुठपर्यंत सोडवला, नवी जाळी ३० बाय ३० सेंटिमीटर, कशाने पकडली. शेवटच्या पानावर जाळीच्या खोक्यावरचं स्टिकर, बॅच नंबरासकट, सरळ चिकटवलेलं. सहा ओळींचा कागद मी त्याच फाइलमध्ये मागे लावून ठेवला आहे. उद्या मला काही झालं आणि तिसऱ्याच सर्जनला माझं पोट उघडावं लागलं, तर त्याला आत काय आहे हे कळेल.

एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या लिहिण्याचा उलटा अर्थ घेतला जाईल. सगळ्याच हर्नियांना विशेषज्ञ शोधत बसायचं कारण नाही. बेंबीचा एक-दोन सेंटिमीटरचा हर्निया किंवा जांघेचा पहिलाच साधा हर्निया, हे नियमित करणारे कितीतरी सर्वसाधारण सर्जन उत्तम करतात. आणि उंचवटा अचानक कडक झाला, आत जाईना, दुखायला लागला, उलट्या झाल्या, वारा सरेनासा झाला, तर जवळचं रुग्णालय तेच खरं. तिथे तास मोजायचे असतात, सर्जनची ख्याती बघायची नसते. मोठा हर्निया, परत आलेला हर्निया, आधी जाळी किंवा जंतुसंसर्ग झालेलं पोट, यांची गोष्ट वेगळी. यांच्याकडे बहुतेकदा वेळ असतो. तो वेळ योग्य माणूस शोधण्यात आणि त्याने सांगितलेली तयारी करण्यात घालवला, तर वाया जात नाही. तिथे गेल्यावर किती ऑपरेशनं केली हे जरूर विचारा, पण त्याहून जास्त हे विचारा की ऑपरेशनआधी माझ्याकडून काय करून घेणार आहात, आणि तीन वर्षांनी मी कशी आहे हे तुम्हाला कसं कळणार आहे.

माझी तीन वर्षं मागच्या महिन्यात झाली. त्यांच्याकडूनच फोन आला होता, तारीख लक्षात आहे ना म्हणून. टेबलावर तसंच झोपवलं. "डोकं उचला. हात न टेकता." बोटं व्रणाच्या रेषेवरून वरपासून खालपर्यंत फिरली, कुठेच रुतली नाहीत. उभं राहून खोकले. मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले: दुखतं का, जड उचलता का, वर्गात किती वेळ उभ्या राहता, पट्टा पूर्ण सुटला का. शेवटी विचारलं, "शिंक आली की हात पोटावर जातो का अजून?"

"जातो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि यादीत माझ्या नावापुढच्या रकान्यात तेही लिहिलं.